चाकू उघडण्यास लागणारा वेळ

चाकू एका हाताने उघडतो, हीच त्याची खुबी. तो किती वेळात उघडतो हे मोजायला मात्र दुसरा हात लागतो, आणि माझा दुसरा हात सहा आठवड्यांसाठी प्लास्टरमध्ये होता. एवढी अडचण सोडली तर काम अगदी सोपं होतं. आजवर मला जी जी कामं सोपी वाटली त्यांत शेवटी चार माणसं आणि एक पोलीस आलेले आहेत, हे मी त्या वेळी विसरलो, इतकंच.

हात कसा मोडला ते विचारू नका. सगळी डोंबिवली विचारून झाली आहे. मी भाजीबाजारात फ्लॉवरच्या पानावरून घसरलो, ही साधी गोष्ट. पण आमच्या सोसायटीत ती जिना चढेपर्यंत रिक्षाचा धक्का झाली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला चक्कर येऊ लागली होती. "या वयात एकटं राहायचं म्हणजे..." असं म्हणून लोक वाक्य अर्धवट सोडायचे. पुढचं त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी मुलाला, सुधीरला, पत्रात लिहिलं की बाकी ठीक आहे, एका हाताने घडीचा चाकू उघडता येत नाही आणि कांदा धरता येत नाही. सुधीर अमेरिकेत असतो. महिन्याभरात त्याच्या मित्राच्या सासूबाई तिकडून परत आल्या आणि त्यांनी मला पायमोज्यात गुंडाळलेली एक जड वस्तू दिली. मिटलेला असताना पाच इंच, उघडला की नऊ, असा काळा, दणकट चाकू. पात्याच्या कडेला एक बारीक खुंटी होती. अंगठ्याने ती जरा ढकलायची. जराच. मग आतली स्प्रिंग उरलेलं काम करते आणि पातं खट्कन बाहेर येऊन बसतं. पहिल्यांदा मी तो उघडला तेव्हा माझ्या तोंडून "अरेच्चा!" निघालं आणि चाकू स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली गेला.

आता फोनबद्दल सांगायला हवं. सुधीरचा फोन दर रविवारी सकाळी आठला येतो. माझी बायको सुमती होती तेव्हा तीच बोलायची. मी समोरच्या खुर्चीत स्टॉपवॉच घेऊन बसायचो आणि तीन मिनिटं झाली की हात वर करायचो. मुलाचा खर्च होतो, एवढाच माझा हेतू. ती हाताच्या खुणेनेच "थांबा हो" म्हणायची आणि साडेतीनला फोन ठेवायची. सुमती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोन माझ्याकडे आला आणि हात वर करायची वेळच येईना.

"बाबा, जेवलात?"

"अरे, सकाळचे आठ वाजलेत."

"हो की. तब्येत?"

"बरी. तुझी?"

"बरी. थंडी आहे."

"इकडे नाही."

झालं. एक मिनिट चाळीस सेकंद. तीस वर्षांचा मुलगा आणि बासष्ट वर्षांचा बाप, दोघांनाही बोलायचं भरपूर असतं, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. फोन ठेवल्यावर मी तो आकडा वहीत लिहायचो. मोजायची सवय जात नाही माणसाची.

कारण मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं हेच केलं. कामगार लेथवर काम चढवतो त्याला किती वेळ, उतरवतो त्याला किती, घाम पुसतो त्याला किती. मी लांबून दिसलो की माणसं लघवीला जायची. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार चढायचे, पान्यांना आणि हातोड्यांना कुंकू लागायचं, पण माझ्या स्टॉपवॉचला एकतीस वर्षांत कोणी फूल वाहिलं नाही. ते मी घरी आणायचो आणि सुमती त्यावर एक झेंडू ठेवायची. "राग येतो हो लोकांना," म्हणायची, "तुम्ही त्यांचं आयुष्य मोजता." मी मात्र आकडा कधी खोटा दिला नाही. युनियनने डोळे वटारले तेव्हा नाही आणि मॅनेजरने चहा पाजला तेव्हाही नाही.

तर चाकू आल्यानंतरच्या रविवारी सुधीर म्हणाला, "बाबा, खोक्यावर लिहिलं होतं, पापणी लवायच्या आत उघडतो. खरं का हो? तुमचं घड्याळ आहे ना अजून? मोजून सांगा मला."

मी विचारलं, स्प्रिंग कसली? त्याने सांगितलं. मी विचारलं, खुंटी किती ढकलायची ते ठरलेलं आहे का? तो म्हणाला, थांबा, माझ्याकडे पण आहे एक, बघून सांगतो. फोन ठेवल्यावर मी वहीत लिहिलं: पाच मिनिटं दहा सेकंद. त्या रविवारी मी दोन वेळा चहा केला.

सोमवारी कामाला लागलो. उजव्या हातात चाकू. स्टॉपवॉच गुडघ्यांत धरलं आणि बटण हनुवटीने दाबायचं ठरवलं. हनुवटी बटणापर्यंत नेली की चाकू कानाशी यायचा, म्हणून ते सोडून दिलं. मग घड्याळ टेबलावर ठेवून नाकाने दाबून पाहिलं. नाक हा अवयव वेळ मोजण्यासाठी दिलेला नाही, हे माझं अनुभवाचं मत आहे. एकदा बारा सेकंद आले, एकदा चाकू उघडायच्या आधीच वेळ संपली. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं भोपळी मिरच्यांसारखी सुजली होती, त्यांच्याने काडेपेटी उघडेना. दुसरं माणूस हवं होतं, याला काही इलाज नव्हता. आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. हे मला ठाऊक होतंच, पण त्या दिवशी ते नाकाला लागलं.

समोरच्या दारात सरोजवहिनी राहतात. स्वभावाने चांगल्या, सल्ला द्यायला त्याहून चांगल्या. मी त्यांना घड्याळ दिलं आणि म्हटलं, मी "हं" म्हटलं की दाबा, खट् झालं की परत दाबा.

"आधी तो चाकू खाली ठेवा भावजी."

"का?"

"हातातून हातात देऊ नये. भांडणं होतात."

"पण मी तुम्हाला चाकू देतच नाहीये. घड्याळ देतोय."

"एका हातात चाकू धरून दुसरं काही देणंही तसंच." माझ्याकडे देण्यासाठी तो एकच हात होता. शेवटी चाकू खाली ठेवला, घड्याळ दिलं, चाकू उचलला. मी "हं" म्हटलं. वहिनींनी डोळे गच्च मिटले, दोन्ही हात कानांवर घेतले, त्यामुळे घड्याळही कानावर गेलं. खट् झाल्यावर त्या "अगं बाई!" म्हणाल्या, मग पाणी प्यायल्या आणि मग आठवणीने बटण दाबलं. एकवीस सेकंद. "खूपच हळू आहे हो," त्या म्हणाल्या, "आमची विळी बरी."

तेवढ्यात जिन्यावरून आमचे सेक्रेटरी गोगटे जात होते. दार उघडं, मी नऊ इंची चाकू उगारलेला, सरोजवहिनी पाण्याचा पेला धरून थरथरताहेत, असं दृश्य त्यांना दिसलं. गोगटे घाबरत नाहीत, ते नियम सांगतात. त्यांनी तिथेच सांगितलं की असल्या शस्त्राला परवाना लागतो, सोसायटीच्या इमारतीत ते ठेवायचं तर चौकीची लेखी परवानगी लागते आणि नसेल तर वार्षिक सभेत विषय घ्यावा लागेल. "खारकर, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय." ज्या ज्या माणसाने मला आजवर त्रास दिलाय त्याने या वाक्याने सुरुवात केली आहे.

चौकीत जाताना चाकू कसा न्यावा, हा एक प्रश्नच होता. लपवून नेला तर संशय, हातात नेला तर खात्री. मी तो भाजीच्या पिशवीत, दुधीच्या शेजारी ठेवला. टेबलामागे एक वयस्कर हवालदार बसले होते. मी म्हटलं, "साहेब, मला याची नोंद करायची आहे," आणि काय आहे ते कळावं म्हणून पिशवीतून काढून अंगठ्याने खुंटी ढकलली.

इतक्या माणसांना एकदम उभं राहताना मी फक्त राष्ट्रगीताला पाहिलं आहे.

पुढची दहा मिनिटं मी कोण, हात कोणी मोडला, मोडणाऱ्यावर माझा राग आहे का, यांत गेली. फ्लॉवरवर माझा राग नाही, असं मी लिहून दिलं. मग हवालदारांनी पट्टी मागवून पातं मोजलं. चार इंचाला थोडं कमी.

"याला परवाना लागत नाही आजोबा."

"मग तसं लिहून द्या."

"लागतो असं असेल तर लिहून देता येतं. लागत नाही हे कसं लिहून देणार? असं तर मला चमच्याचंही लिहून द्यावं लागेल."

हा मुद्दा बिनतोड होता. पण तोवर हवालदारांनी चाकू हातात घेतला होता. खट्. मिटला. खट्. मिटला. आतून दोन शिपाई आले. प्रत्येकाने दहा-दहा वेळा उघडला. "भारी आहे," एक म्हणाला, "चुटकीत उघडतो." दुसऱ्याचं म्हणणं पडलं की चुटकीच्याही आधी. मी उत्साहाने विचारलं, "कोणी घड्याळ धरता का?" तेवढ्यात फोन वाजला आणि सगळे कामाला लागले. हवालदारांनी चाकू टेबलावर ठेवला. हातात दिला नाही. "पोराने पाठवला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "येतो का कधी?" मी म्हटलं, येईल. त्यांनी मला दुधी मात्र आठवणीने परत दिला.

शुक्रवारी मनुबाई आली. मनुबाई खाडीकडच्या गावातून मासळी घेऊन येते, पंचवीस वर्षं येते आहे. आम्ही कायस्थ, त्यामुळे आमच्याकडे पंचांगापेक्षा मनुबाई जास्त पाळली जाते. तिने टोपली उतरवली, विळीवर बसली आणि माझा एकुलता एक बांगडा हातात घेतला. मी कौतुकाने तिला चाकू दाखवला.

"कवरा ह्यो सुरा, भाव!"

"बघ, एका हाताने उघडतो." खट्.

"मंग? उघरून काय करतंस त्याचं?"

पाच दिवसांत त्या चाकूने एक कांदा कापला गेला नव्हता.

"तुजा सुरा उघरतंय तवर माजा बांगरा साफ होतंय," ती म्हणाली, आणि खरोखरच झाला होता. मग तिने तो पानात गुंडाळला. "बाय होती तवा दोन पापलेटा, कोलंबी, काय काय घ्यायची. आता एक बांगरा, त्यो पन मीच कापून दितंय. तुला सुरा कशाला पायजे?"

मी तिला सांगितलं की मुलाला आकडा सांगायचा आहे, रविवारी. तिने हात पदराला पुसले. "मंग मोज," म्हणाली, "मोज चांगला." आणि टोपली डोक्यावर घेताना आणखी एक बांगडा ठेवून गेली.

उपाय शेवटी सरोजवहिनींनीच काढला. त्यांचा भाचा रघु विठ्ठलवाडीला राहतो आणि लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घेतो. "व्हिडिओ थांबवत थांबवत बघता येतो भावजी. एका लग्नात नवऱ्या मुलाने मंगळसूत्र घालताना जांभई दिली होती, ती रघुने बरोबर धरली. दोन्ही घरांत अजून बोलणं नाही."

शनिवारी रघु कॅमेरा आणि हॅलोजनचे दोन दिवे घेऊन आला. मिशीवाला, तिशीचा, कामात एकदम पक्का. मी त्याला सांगितलं, फक्त एकदा चाकू उघडायचा आहे.

"काका, टेन्शन नाय लेनेका. पण डायरेक्ट चाकू नाय दाखवायचा. आधी तुम्ही गॅलरीत उभे, लांब बघताय. मग केस विंचरताय. मग स्लो मध्ये चाकू. मागे गुलाब टाकतो, त्यातून चाकू येईल बाहेर."

"गुलाब नको."

"सगळे घेतात काका."

मी गॅलरीत उभा राहिलो. लांब पाहिलं. समोर गोगट्यांची बनियनं वाळत होती. केस विंचरले, जे होते ते. रघुने हॅलोजन लावले, त्याच वेळी खालचा पंप सुरू झाला आणि सबंध इमारतीचा फ्यूज गेला. गोगटे साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन नियम सांगू लागले. नियम सांगून झाल्यावर मात्र ते टॉवेल गुंडाळून आत येऊन बसले, कारण शूटिंग कोणाला बघायचं नसतं? फ्यूज बसवला, दिवे लागले. "काका, स्माइल!" आणि मी खुंटी ढकलली.

संध्याकाळी माझ्या घरात चौदा माणसं होती. रघुने व्हीसीआर आणला, सरोजवहिनींनी पोहे केले, पहिल्या मजल्यावरून खुर्च्या आल्या. सुमतीच्या तेराव्यानंतर एवढी माणसं या खोलीत बसली नव्हती, आणि त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. रघुने रिमोट हातात घेतला. एका सेकंदाचे पंचवीस तुकडे, त्याने समजावलं, एक तुकडा म्हणजे एक फ्रेम. सगळे पुढे सरकले.

"बंद," सगळे एका आवाजात म्हणाले. "बंद. हलला! अर्धा! उघडा!"

हलल्यापासून उघडेपर्यंत तीन फ्रेम. पंचवीस भागिले तीन की तीन भागिले पंचवीस, यावर गोगट्यांनी वाद घातला, पण आकडा निघाला: बारा शतांश सेकंद. आता पापणीचं काय? त्याचीही सोय झाली होती. हॅलोजनमुळे मी सारखा डोळे मिचकावत होतो. रघुने माझी पापणी मोजली. आठ फ्रेम. चाकू जिंकला. टाळ्या झाल्या. गोगटे म्हणाले, "खारकर, हे इतिवृत्तात घेतो मी." मी वहीत शाईने आकडा लिहिला आणि खाली सही केली. एकतीस वर्षांतला माझा सगळ्यात बारीक आकडा.

मग सगळे गेले. खुर्च्याही गेल्या. रघु कॅसेट आणि व्हीसीआर सकाळपर्यंत ठेवून गेला होता, म्हणून मी एकटाच ती परत लावून बसलो. रिमोट दाबत, एकेक फ्रेम. चाकूच्या आधीचा भाग आम्ही पाहिलाच नव्हता. त्यात एक म्हातारा होता. त्याच्यामागे दोन खुर्च्या, एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. रघु "स्माइल" म्हणतो, तेव्हा हा माणूस आधी डावीकडे वळून बघतो. तिथे कोणी नाही. तिथे सुमतीची खुर्ची आहे. सदरा नीट आहे का, हसलो तर बरं दिसेल का, असं विचारल्यासारखा तो बघतो, आणि मग कॅमेऱ्याकडे वळून हसतो. मी मोजलं. एकोणीस फ्रेम. मला एकदम फार एकटं वाटलं. दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. चौदा माणसांच्या खरकट्या ताटल्या समोर असताना.

आणि मग दुसरीच गोष्ट लक्षात आली. उद्या रविवार. सुधीर विचारेल, किती आलं? मी सांगेन, बारा शतांश सेकंद. तो म्हणेल, वा. आणि मग? मग थंडी आहे का, आणि इकडे नाही.

आठला फोन वाजला. मी स्टॉपवॉच सुरू केलं, वही उघडून समोर ठेवली.

"बाबा! काय झालं? मोजलंत?"

वहीतल्या आकड्याकडे बघत मी म्हटलं, "नाही रे. अजून नीट जमलं नाही."

"असं?" सुधीर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खुलला. "मग बाबा, घाई करूच नका. मी इथे मोजून बघतोय ना, मलाही जमत नाहीये. शनिवारी कोणी नसतंच, एकटाच बसून खट् खट् करत असतो. काल सफरचंद कापलं आणि बोटच कापून घेतलं. आई असती तर काय ओरडली असती ना हो? आठवतं, मी शाळेत ब्लेडने पेन्सिल..."

मला आठवत होतं. ते मी त्याला सांगितलं, मग त्याने पुढचं सांगितलं, मग मी हवालदारांचं सांगितलं, फ्लॉवरवर राग नाही हे सांगितलं, आणि तो हसत सुटला. तो इतका हसलेला मी कधी ऐकला होता, आठवेना.

तीन मिनिटं झाली तसा माझा डावा हात, प्लास्टरसकट, सवयीने वर गेला. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. मी हात खाली घेतला. रिसीव्हर मानेत धरला, उजव्या हाताने स्टॉपवॉच बंद केलं आणि चाकूशेजारी ठेवून दिलं.

"बाबा? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "बोल तू."